पॅसिफिकची रंगीत तालीम

एर्लांगेन

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कोस्टा रिकाचा नकाशा लागला, तेव्हा मला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी लाटेवर उभी राहिले वगैरे वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी लातूरची. आमच्याकडे पाणी ही साठवायची वस्तू, आत उतरायची नव्हे. नळ यायचा त्या दिवशी आम्ही हंडे, बादल्या, शेवटी वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचो. अंगावर घ्यायचं ते तांब्यानं, आणि तेही मोजून. अशा मुलीला पॅसिफिक महासागरात फळी घेऊन उतरायचं आहे, असं तिच्या नवऱ्यानं परस्पर ठरवलं.

प्रसाद, म्हणजे माझा नवरा, पुण्याचा. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये तो मशीनच्या कंट्रोल सिस्टिम करतो, आणि कंट्रोल हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. ऑक्टोबरात त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली. ऑफिसातल्या कुणीतरी सुट्टीचे फोटो दाखवले, त्यात समुद्राच्या लाटेवर उभा असलेला एक टकलू, पोट सुटलेला मनुष्य होता. प्रसाद घरी आला आणि म्हणाला, "तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे."

मग नोव्हेंबर आला. जर्मनीतला नोव्हेंबर ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते, की चार वाजता अंधार पडतो आणि माणूस घरात बसून काहीही करायला तयार होतो. प्रसादनं एक्सेल शीट उघडलं. एका पानावर किनारे, उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीनं पाच. दुसऱ्यावर भरती-ओहोटी. तिसऱ्यावर लाटांची उंची, चौथ्यावर विमा, पाचव्यावर डास. तीन आठवड्यांत पाच किनारे, दर किनाऱ्यावर चार दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढं एक रकाना, त्यात 'प्रगती'. पुढच्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत जायचं होतं. मी विचारलं, "अरे, पण तुला सर्फिंग येतं का?" तो म्हणाला, "पोहता येतं ना. लहानपणी रोज टँकवर जायचो. बाकी सगळं बॅलन्स आहे."

मी हसून सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट घडली. आमची रेवा तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि गेलं वर्षभर तेही देत नव्हती. शाळेतून आली की खोलीचं दार बंद. बाबा काही बोलायला गेला की "पाइनलिश!" म्हणायची, म्हणजे लाज आणतोस. प्रसाद दुखावायचा, दाखवायचा नाही. तर एका रविवारी तो नकाशात टाचण्या टोचत बसला होता, आणि रेवा पाणी प्यायला आली. थांबली. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची टाचणी उपटून चार बोटं खाली टोचली. "इथे लाटा नवशिक्यांसाठी चांगल्या आहेत, बाबा, तू चुकीचं वाचलंस," असं काहीसं जर्मनमध्ये म्हणाली.

दोघं तासभर बसले होते. मी कांदा चिरत होते आणि आवाज होऊ नये म्हणून सुरी हळू चालवत होते. त्या रात्रीच्या जेवणात मी जाहीर केलं, की मी पोहायला शिकते.

शिकले कशी, ते थोडक्यात सांगते. मोठ्यांच्या वर्गात आम्ही तिघी होतो. शिकवणाऱ्या बाई काठावरून लांब काठी पुढं करून चालायच्या. बुडायला लागलं की काठी धरायची. पहिले तीन आठवडे मी काठीच शिकले. लहान मुलांना इथं 'झेप्फेर्डशेन' नावाची पहिली परीक्षा असते: काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि तळाची कडी उचलून आणणं. ती मी जानेवारीत दिली, एका पाच वर्षांच्या मुलाच्या मागं उभी राहून. तो वळून मला म्हणाला, "भीती वाटत असेल तर नाक धर." मी धरलं. पास झाले. एप्रिलपर्यंत पंधरा मिनिटं न थांबता पोहायला लागले, आणि त्याचाही बिल्ला मिळवला. बिल्ला मिळाल्याचं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्या पाण्यात? कशाला गं नासाडी!"

तिकिटं निघाली. रेवानं अख्ख्या वर्गाला सांगितलं. आणि प्रसादनं शीटमध्ये आणखी एक पान जोडलं: 'जनरालप्रोबे'. म्हणजे आपली रंगीत तालीम. पॅसिफिकला जाण्याआधी जर्मनीतल्याच समुद्रात चार दिवस सराव करायचा. जर्मनीत खऱ्या लाटा मिळतात त्या वर, नॉर्थ सीमध्ये, झ्युल्ट नावाच्या बेटावर. जूनच्या सुट्टीत जायचं ठरलं.

तेवढ्यात सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांना चार दिवस एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "अहो आई, तिकडे खूप वारा असतो, थंडी असते." त्या म्हणाल्या, "मी काय फळीवर उभी राहणार आहे? मी बघीन." आणि थालीपिठाची भाजणी भरायला घेतली.

वेस्टरलांड, शनिवार

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं शेवटच्या अर्ध्या तासातच आहे. झ्युल्ट बेट आहे, पण तिथं आगगाडी जाते, थेट वेस्टरलांड गावापर्यंत. समुद्रातून एक लांब बांध घातलाय, त्यावरून. दोन्ही बाजूंना पाणी होतं. पाणी म्हणजे खरं तर ओहोटीचा राखाडी चिखल, त्यात चोच खुपसून फिरणारे पक्षी. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "समुद्र कुठाय?" त्यांनी विचारलं. प्रसाद म्हणाला, "हाच. सध्या बाहेर गेलाय. चार वाजून दहा मिनिटांनी परत येईल." शीटमध्ये होतं.

किनाऱ्यावर जायच्या लाकडी पायऱ्यांवर एक टपरी होती आणि त्यात बसलेला गृहस्थ प्रत्येकाचा पास बघत होता. इथं पाहुण्यांना समुद्रावर जायला पास लागतो. सासूबाईंना हे पटेना. "गणपतीपुळ्याला कुणी विचारलं नाही कधी." मी समजावलं, की स्वच्छतेसाठी असतं. खाली उतरल्यावर त्यांनी वाळू बारकाईनं पाहिली, एक मूठ उचलली, सोडली आणि म्हणाल्या, "हं. घेऊ देत."

वाळूवर शेकडो वेताच्या खुर्च्या होत्या. खुर्च्या कसल्या, झाकण असलेले दोन माणसांचे पाळणेच म्हणा. आत बसलं की तिन्ही बाजूंनी वारा अडतो. 'श्ट्रांडकोर्ब' म्हणतात. प्रत्येकाला नंबर आणि पुढं लाकडी जाळीचं कुलूपबंद दार. आमच्या नंबरची खुर्ची सापडली, तशा सासूबाई आत शिरल्या, पाय वर घेऊन मांडी घातली, आणि त्यानंतरचे चार दिवस जेवण-झोप सोडून तिथून हलल्या नाहीत. दोनदाच हलल्या. ते पुढं येईल.

संध्याकाळी एका चहाच्या दुकानात गेलो. तिथं कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा टाकतात, वर कडक चहा ओततात, तो खडा तडतडतो, मग कडेनं थोडी साय सोडतात, आणि ढवळायचं नाही अशी पद्धत आहे. "खडीसाखर!" सासूबाईंनी कान कपाला लावून तडतड ऐकली. दोन घोट घेतल्यावर त्यांनी सरळ चमचा घालून खळाखळा ढवळलं. वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी जर्मनीत चौदा वर्षांत एकदाच पाहिलंय, आम्ही रविवारी ड्रिल मशीन लावलं होतं तेव्हा.

रविवार

आमच्या सर्फ शिकवणाऱ्या बाईंचं नाव वीबके. साठीच्या आसपासच्या, चेहरा उन्हानं चामड्यासारखा झालेला, दंड माझ्या मांडीएवढे. बेटावरची माणसं कमी बोलतात. सकाळ असो, संध्याकाळ असो, 'मोइन' एवढाच नमस्कार. प्रसादनं त्यांना आपली तयारी सांगायला सुरुवात केली: वाऱ्याची दिशा, लाटांमधलं अंतर, त्यानं पाहिलेले व्हिडिओ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोइन. कपडे बदला."

कपडे म्हणजे निओप्रीन, जाड रबरी पोशाख, गळ्यापासून घोट्यापर्यंत. पाणी तेरा अंशांचं होतं, त्यामुळं दुसरा इलाज नव्हता. हा पोशाख अंगात चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबण्यासारखं आहे. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला की दुसरा अडकतो. बायकांच्या खोलीत मी आणि रेवा एकमेकींना ओढत, ढकलत, हसून हसून खाली बसलो. बाहेर आलो तर प्रसाद तयार होऊन उभा, छाती पुढं काढून, छातीवर चेन. वीबके शेजारून गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "उलटा."

रेवा म्हणाली, "पाइनलिश." पण हसत म्हणाली.

तो परत आत गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा अर्ध्या दिवसाची ताकद खर्च झाली होती.

वाळूवर धडा झाला. फळीवर पालथं पडायचं, हात मारायचे, लाट आली की छातीखाली तळवे टेकून एका झटक्यात उभं राहायचं. वाळूवर प्रसाद सगळ्यांत चांगला होता, खरंच. वीबकेंनी एकच नियम तीनदा सांगितला: फळी कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही. बाजूला धरायची. मग आम्ही पाण्यात शिरलो.

पाण्याबद्दल काय सांगू. पोहण्याच्या तलावाचं पाणी जागेवर असतं, हे मला तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. हे पाणी येत होतं आणि जात होतं, आणि जाताना पायाखालची वाळू घेऊन जात होतं. पहिली लाट तोंडावर फुटली तेव्हा नाकातून, कानातून, रबराच्या आत पाठीवरून बर्फ ओतल्यासारखं झालं. मी ओरडले. दुसऱ्या लाटेला ओरडले. तिसऱ्या लाटेला लक्षात आलं, की मी घाबरून ओरडत नाहीये. जत्रेतल्या पाळण्यात ओरडतात तसं चाललंय.

रेवा कुठल्या कुठं पुढं गेली होती. मी प्रसादला शोधलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, किनाऱ्याकडे पाठ करून, आणि फळी त्यानं दोन्ही हातांनी समोर उभी धरली होती. लग्नात भटजी अंतरपाट धरतात, तशी. पलीकडे समुद्र, अलीकडे हा.

"प्रसाद! बाजूला धर!" मी ओरडले.

त्यानं ऐकलं नाही. पुढची लाट आली, तिनं अंतरपाट दूर न करता सरळ त्याच्या नाकावर मारला. तो बसला पाण्यात. मी पोचेपर्यंत वीबकेंनी त्याला काखेत धरून उभं केलं होतं. नाकातून थोडं रक्त येत होतं, फार नाही. वीबकेंनी नाक दाबून पाहिलं, "मोडलं नाही," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. पण मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, आणि तो नाकाकडे नाही, पाण्याकडे बघत होता.

"बाहेर जाऊ या का?" मी विचारलं.

"खांदा," तो म्हणाला. "खांद्याला काहीतरी झालंय."

दुपारी आम्ही वेताच्या खुर्चीपाशी जेवलो. सासूबाईंनी थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा काढला. थालीपिठाचा तुकडा मोडून त्यांनी हात पुढं केला, "घे रे, नाकातनं एवढं रक्त गेलंय," आणि माझ्या डोळ्यांपुढून एक पांढरा फटका गेला. हात तिथंच होता, थालीपीठ नव्हतं. कोंबडीएवढा एक सीगल वाऱ्यावर तरंगत ते गिळत होता.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "आपला कावळा बघ," त्या म्हणाल्या, "पिंडाला शिवायला किती नखरे करतो. आणि हा!" मग डबा पदराखाली घेऊन, लोणच्याची बरणी लपवावी तशा, त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेक घास वाढला.

सोमवार

प्रसादचा खांदा सोमवारीही दुखत होता. तो सासूबाईंशेजारी खुर्चीत बसला, मांडीवर लॅपटॉप, आणि आम्ही दोघी पाण्यात गेलो.

त्या दिवशी मी उभी राहिले. किती वेळ? रेवा म्हणते दोन सेकंद, मी म्हणते चार. पालथी पडले होते, वीबकेंनी मागून फळीला ढकललं आणि ओरडल्या, "विचार नको! समोर बघ!" मी समोर पाहिलं. समोर किनारा होता, रंगीबेरंगी खुर्च्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे चालले होते, पाय न हलवता. खालून पाणी घरंगळत होतं. लातूरच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांचं वर्षभराचं पाणी असेल ते, आणि ते मला उचलून नेत होतं. मग पडले. वर आले तर तोंड वाळूनं भरलेलं. वीबके म्हणाल्या, "गेट दोख," म्हणजे जमतंय की. त्यांच्या तोंडून आलेला हा दोन शब्दांचा सत्कार होता.

मी किनाऱ्याकडे हात हलवला. प्रसादनंही हलवला. दुखरा हात हलवला, खांद्याच्या वर, पूर्ण गोल. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो खाली घेतला.

मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी वाईट वाटत होतं. हा सगळा त्याचा बेत होता. नकाशा त्याचा, टाचण्या त्याच्या. मी आपली बिल्ला लावून मागोमाग आलेली. आता मला लाट हवी होती आणि त्याला ती नको होती, आणि हे बोलायचं कसं?

आम्ही बाहेर आलो तेव्हा सासूबाई खुर्चीत नव्हत्या. प्रसाद म्हणाला, "फेरी मारायला गेली." उत्तरेकडे गेल्या होत्या. मी आणि प्रसादनं एकमेकांकडे पाहिलं. त्या बाजूला थोड्या अंतरावर एक पाटी होती, आणि त्या पाटीपलीकडे लोक अंगावर एक धागाही न घेता ऊन खात होते. इथं तशी वेगळी जागाच असते. प्रसाद धावत सुटणार, तेवढ्यात निळी नऊवार नसली तरी निळी सुती साडी, पायात बूट आणि डोक्याला मफलर अशी मूर्ती संथपणे परत येताना दिसली.

"अहो आई, तुम्ही तिकडे..."

"गेले होते." त्या खुर्चीत बसल्या. "तिकडे सगळे उघडे आहेत. बायका, पुरुष, आजोबा. मी आपला चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि आले परत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक आजोबा क्रॉसवर्ड सोडवत होते. नमस्कार केला त्यांनी. मीही केला."

रेवा हसून वाळूत लोळली. मग उठली, आणि प्रसादच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं काल आणि आज जे पाहिलं होतं, ते आता बाहेर आलं. जर्मनमध्ये, भराभर. तुझा खांदा दुखत नाहीये. काल संध्याकाळी तू आजीची बॅग त्याच हातानं जिन्यावर नेलीस. आत्ता आईला हात केलास. तू खोटं बोलतोयस. तुला जायचं नसेल तर तसं सांग.

तिचा आवाज चढला होता. शेजारच्या खुर्चीतल्या जोडप्यानं वर्तमानपत्र खाली केलं.

प्रसादनं लॅपटॉप मिटला. मला वाटलं आता हा काहीतरी सारवासारव करणार. पण त्यानं ती केली नाही.

"तळ दिसत नाही," तो म्हणाला. मराठीत. "टँकमध्ये तळाला निळ्या फरश्या असतात. काळी रेघ असते. मी आयुष्यभर त्या रेघेवरून पोहलोय. इथं खाली बघितलं तर काहीच नाही. पाय खाली टेकलेला असूनही मला वाटत होतं, मी पडतोय. मी घाबरलो, रेवा. खूप घाबरलो."

सासूबाई चटणीच्या डब्याचं झाकण लावत होत्या. "गॅदरिंगच्या दिवशी पोट दुखायचं याचं," त्या कुणालाही न उद्देशून म्हणाल्या. "दरवर्षी. मी म्हणायचे, नको जाऊस. मग बरोबर पाच वाजता जायचा."

रेवा वाळूत बसली. तिनं पायाच्या अंगठ्यानं एक रेघ ओढली, पुसली. मग खालच्या आवाजात जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलली. प्रसादनं तिच्याकडे पाहिलं आणि फस्सकन हसला, नाकाला लागल्यामुळं कळवळला, आणि पुन्हा हसला.

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी मला विचारलं.

"म्हणाली, काल तिलाही भीती वाटली होती."

"एवढंच नाही. दोन वाक्यं होती."

मी रेवाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. म्हणून सांगून टाकलं, "काल भीतीनं तिला त्या रबराच्या कपड्यातच शू झाली. आणि वीबके तिला म्हणाल्या, काही हरकत नाही, गरम वाटतं."

सासूबाईंनी विचार केला. "भाड्याचे ना ते कपडे?"

"हो."

"म्हणजे काल तुम्ही जे घातले होते, त्यात आधी..."

प्रसादनं माझ्या अंगावरच्या निओप्रीनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातापायांकडे, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली भीती जाऊन तिथं निखळ किळस आली. मला ती फार बरी वाटली.

संध्याकाळी आम्ही बेरीचा लालभडक मऊ पदार्थ खाल्ला, वर व्हॅनिलाची पातळ पिवळी साय. सासूबाईंनी त्याला 'आमसुलाच्या साराची बासुंदी' असं नाव दिलं आणि दोन वाट्या संपवल्या. खाताना रेवानं बाबाला सांगितलं, की पाच किनारे रद्द. एकच. जिथं पाणी उथळ आहे, स्वच्छ आहे आणि तळ दिसतो असा एक शोधू, आणि तीनही आठवडे तिथंच राहू. प्रसाद म्हणाला, "मग मी तिथं काय करणार?" ती म्हणाली, "जे जमेल ते." यावर त्याला शीटमध्ये रकाना सुचला नाही.

मंगळवार सकाळ

परतीची गाडी दुपारची होती. प्रसाद सकाळी सातला उठून निओप्रीन घालून बसला होता. चेन पाठीवर.

वीबकेंना रेवानं आदल्या दिवशीच काय ते सांगितलं असावं. त्यांनी प्रसादला सगळ्यांत मोठी, लहान मुलांना देतात ती मऊ निळी फळी दिली. व्हिडिओ नाही, वारा नाही, काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "आज उभं राहायचं नाही. झोपायचं."

मी आणि रेवा त्याच्या दोन्ही बाजूंना होतो. म्हणून फोन मी सासूबाईंच्या हातात दिला होता. "अहो आई, हे लाल बटण दाबायचं आणि त्यांच्याकडे धरायचं. बस." त्या खुर्ची सोडून पार पाण्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या, साडी एका हातानं वर धरून.

पाणी कमरेला लागलं तसा प्रसाद थांबला. मी त्याचा श्वास ऐकत होते. वीबके त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली काय आहे?" तो म्हणाला, "दिसत नाही." त्या म्हणाल्या, "पायाला विचारा." त्यानं पायाची बोटं खाली रुतवून पाहिली. "वाळू," म्हणाला. "या," वीबके म्हणाल्या, म्हणजे जर्मनमध्ये हो. आणि त्याला फळीवर पालथं पाडलं.

लाट आली. मोठी नव्हती. गुडघ्याएवढी असेल, पांढरी, फेसाळ. वीबकेंनी ढकललं आणि प्रसाद निघाला. हनुवटी वर, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरलेल्या. सरळ रेषेत. मला इंजिनियरचं कौतुक वाटलं. मध्येच सहाएक वर्षांची एक जर्मन मुलगी आपल्या फळीवर उभी राहून, हात पसरून, त्याच्या शेजारून पुढं निघून गेली. त्याला ते दिसलं नाही. फळी वाळूत घुसली, तो पुढं फेकला गेला, दोन कोलांट्या खाऊन सासूबाईंच्या बुटांपाशी थांबला. आम्ही पोचलो तेव्हा तो उताणा पडला होता आणि आकाशाकडे बघून मोठमोठ्यानं हसत होता. रेवा त्याच्या अंगावर जाऊन पडली. मी पण.

त्यानंतर तो आणखी सात वेळा गेला. एकदाही उभा राहिला नाही. शेवटच्या तीन वेळा डोळे उघडे होते.

गाडी बेट सोडून बांधावर आली, तेव्हा मला फोनची आठवण झाली. व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. आम्ही तिघं एका फोनवर डोकी घालून बसलो. समोरच्या बाकावर सासूबाई उरलेली भाजणी गाठोड्यात नीट बांधत होत्या.

कॅमेरा उलटा लागला होता. स्वतःचे फोटो काढायला असतो तो. अख्ख्या दीड मिनिटात समुद्र नाही, लाट नाही, प्रसाद नाही. फक्त सासूबाईंचा चेहरा, खालून, जवळून. मफलर वाऱ्यानं फडफडतोय. आधी ओठ घट्ट मिटलेले. मग पुटपुटणं. "सावकाश. सावकाश रे. धर. धर नीट." मग डोळे मोठे होतात, भुवया कपाळात जातात, तोंड उघडतं आणि तसंच राहतं. चेहरा हळूहळू एका बाजूला वळत जातो, कारण तो येतोय, तो येतोय, आणि मग "आला! आला गं बाई, आला!" आणि चित्र वर-खाली नाचतं, आभाळ, वाळू, हनुवटी, आभाळ. फोन हातात असताना टाळ्या वाजवल्यामुळं. शेवटी कुठलीशी बाई कुत्रा घेऊन जवळून जाते, काहीतरी जर्मनमध्ये विचारते, आणि सासूबाई डोळे पुसत तिला मराठीत सांगतात, "माझा मुलगा आहे. इंजिनियर आहे."

प्रसादनं व्हिडिओ परत लावला. मग परत. रेवानं तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

सासूबाईंनी गाठ मारून वर पाहिलं. "काय रे, आलंय ना सगळं त्यात? मला मेलं काही दिसत नव्हतं उन्हानं, नुसतं धरून उभी होते."

प्रसाद म्हणाला, "हो आई. सगळं आलंय."